देवाला विचारून घेतलेली चाल

कासार आंबोलीचा कुशाबा लढाईवरून आला तो दोन वाईट सवयी घेऊन. बूट घालून चुलीपर्यंत जायचा आणि कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही. पलटणीच्या बँडात तो कॉर्नेट शिकला होता, म्हणजे कळा दाबून वाजवायचा एक आखूड पितळी बाजा. १९२४ साली त्याने पुण्याच्या लष्कर भागातून जुने बाजे आणले, चार गडी जमवले आणि गावात बँड काढला.

शेतकऱ्याच्या पोराने वाजंत्री व्हावं हे त्याच्या आईला, साळूबाईला, मुळीच रुचलं नाही. ती महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. कुशाबाला घरात तेवढीच शांतता मिळाली. त्याची खरी अडचण वेगळी होती. बँडाजवळ वाजवायला गोऱ्यांच्या तीनच चाली होत्या, आणि तिन्ही कवायतीच्या. जवळच्या चांदे गावच्या गेणबाने लेकाच्या वरातीसाठी बँड ऐकला आणि कपाळाला हात लावला.

"आरं, वरात हाय का दुश्मनावर चाललोय? पंधरा दिसांत आपल्या मुलखाची चाल बसीव. न्हाईतर मी सनईवाला सांगतो."

ही पहिलीच सुपारी. ती हातची गेली तर खोऱ्यात पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, एवढं कुशाबालाही कळत होतं.

मग चाली शोधणं सुरू झालं. जात्यावरच्या ओव्या बाजावर बसल्या, पण त्यांवर पाय उचलेना. भजनाची चाल घेतली तर ऐकणारे मांडी घालून खालीच बसले. शेवटी बँडात ढोल वाजवणारा म्हसू धनगर म्हणाला, "आमच्या आयेकडं लई गाणी हायेत. चल तितं."

म्हसूची आई भागूबाई माळावर मेंढरांच्या जाळीशेजारी बसून गायची. तिने दोन दिवसांत सात गाणी दिली. सातही बरी होती. आठवं ती लोकर पिंजता पिंजता नुसतं गुणगुणत होती, आणि कुशाबाने कान टवकारले. पाय आपोआप उचलावेत अशी ती चाल होती.

"ती मागू नगंस," म्हातारी म्हणाली. "ती बिरोबाची हाय. ती म्हटली की माज्या अंगात देव येतो. वरातीत देव आला तर नवरानवरीनं कुटं जायाचं?"

दुसरा कोणी पाया पडून उठला असता. कुशाबा म्हणाला, "मग देवालाच इचारू की, आजे. मी वाजवतो. आला तर चाल तुजी. न्हाई आला तर माजी."

म्हसूचा चेहरा उतरला. भागूबाई मात्र थोडा विचार करून म्हणाली, "व्हय. इचाराया काय हरकत?"

रविवारी सकाळी ती अंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून, केस मोकळे सोडून बसली. ढोल नेहमीसारखा म्हसूनेच धरला. फरक इतकाच, की तिच्या गळ्याच्या जागी कुशाबाचा बाजा होता.

पहिल्या कडव्याला कुशाबा मनात म्हणत होता, देवा, येऊ नकोस, वरात घालवू नकोस. चाल चोख लागली होती. म्हातारी डोळे मिटून बसली होती, हात मांडीवर. दुसरं कडवं झालं तरी तिचं बोटसुद्धा हललं नाही. काम फत्ते होत होतं, आणि कुशाबाला मात्र कसंसंच व्हायला लागलं. असं काय वाजवतोय मी, की हिला काहीच होत नाही? तिसऱ्या कडव्याला त्याने छाती फुटेस्तोवर दम घेतला आणि मनात म्हणाला, ये. वरात गेली खड्ड्यात. एकदा ये.

देव आला नाही.

भागूबाईने डोळे उघडले आणि केसांचा अंबाडा घातला. "ग्वाड वाजवतोस, बाबा," ती म्हणाली. "खुशाल वाजीव वरातीत. ह्यात देव न्हाई."

चांद्याच्या वरातीत लोक बेभान नाचले. गेणबाने भर रस्त्यात कुशाबाला शेला पांघरला. लोकांनी तीच चाल पाच वेळा मागितली आणि पाचही वेळा कुशाबाची नजर गर्दीत एकाच ठिकाणी गेली. तिथे भागूबाई नातीला बुंदी भरवत उभी होती, अगदी निर्धास्त.