बावीस कॅरेटचा लूप

अक्कांनी लाल मखमलीची डबी माझ्या ट्रेवर, आरसा आणि चिमट्याच्या बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “उघडा डॉक्टरबाई.”

आत अंगठी असेल असं वाटलं. वस्तू सोन्याचीच होती, पण बोटात घालायची नव्हती. त्यांच्या नातीच्या, आठ वर्षांच्या ईश्वरीच्या दाढेवर बसवायचा तो स्पेस मेंटेनर होता.

“मामानी बनाडं,” अक्का म्हणाल्या. “बावीस कॅरेट शे. पोरना तोंडमा स्टील कसाले? लाई द्या.”

स्पेस मेंटेनर म्हणजे जागा राखणारा. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर तिच्या खालची पक्की दाढ वर यायला अजून दोन-तीन वर्षं असतात. एसटीतली रिकामी सीट तेवढा वेळ कोण रिकामी ठेवतो? मागची दाढ पुढे सरकते, आणि खरी मालकीण आली की तिला जागाच उरत नाही. ती वाकडी निघते किंवा हिरडीतच अडकते. म्हणून मागच्या दाढेवर स्टीलची रिंग चिकटवायची, तिला तारेचा लूप जोडायचा आणि तो पुढच्या दाताला टेकवून ठेवायचा. सीटवर टाकलेला रुमालच म्हणा.

ईश्वरीला असा रुमाल मी टाकला होता. वायर बेंडिंग मला मनापासून आवडतं, ते काम मी लॅबला देत नाही. पण पोरीनं चिक्की खाल्ली. रिंग सुटली, लूपचा जोड तुटला. धुळ्यात माझ्याकडे यायचं सोडून अक्कांनी ते तुकडे थेट जळगावला, मुलाकडे म्हणजे ईश्वरीच्या मामाकडे धाडले. नितीनचा तिथे दागिने घडवायचा कारखाना आहे. त्यानं माझ्या तुकड्यांवरून माप घेऊन सोन्यात नवा घडवला.

मी तो भिंगाखाली धरला. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. रिंग आणि तार कुठे जोडली आहे ते सापडेना. माझ्या जोडावर मोहरीएवढा गोळा तरी राहतो. माझ्या कामाबद्दल या घरातल्या कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. हा मात्र मखमलीत बसून आला होता, आणि त्याआधी शिंदखेड्यात अक्कांच्या गल्लीभर फिरूनही आला होता.

“नाही बसवता येणार,” मी म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले.

“काबरं?”

“सोनं मऊ असतं, अक्का. चावताना वाकेल. लूप वाकला की दाढ सरकलीच.”

“मना पोरना हातनं काम शे हाई!” अक्कांनी डबी उचलली आणि नातीकडे वळून पुटपुटल्या, “हाई बाई जयस.”

जयस म्हणजे जळते. मला अहिराणी समजते हे अक्का विसरल्या असाव्यात. किंवा नसतीलही.

पंचाईत अशी, की दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सोनं मऊ होतं आणि मी जळत होते. आता मी कितीही समजावलं तरी त्यांना त्यात जळफळाटच ऐकू येणार होता. इकडे ईश्वरीची जागा मोजली, तर दाढ थोडी पुढे झुकलेली. ही माणसं रुसून उठली आणि कुणी ते सोनं चिकटवून दिलं, तर पुढे शाळेची ऐन वर्षं पोरीनं तारा लावून काढायची.

तेवढ्यात खाली गाडी लावून नितीन वर आला. हळू आवाजात बोलणारा माणूस. तो उद्धट असता तर मला फार बरं झालं असतं.

“मॅडम, मापात काही चुकलं का?”

“माप बरोबर आहे.” हे मी लूपकडे न बघता म्हणाले. “पण तुमची बांगडी कुणी भाकरीबरोबर चावत नाही. हा लूप रोज दाताखाली येणार.”

त्यानं अक्कांकडून डबी घेतली. लूप घेऊन बेसिनशी गेला, धुतला, आणि सरळ स्वतःच्या दाढांमध्ये धरून चावला.

“अरे, काय करी ऱ्हायना?” अक्का ओरडल्या.

नितीननं लूप तळहातावर काढला. तो चपटा झाला होता. नितीन ना रागावला, ना ओशाळला.

“अठरा कॅरेटमध्ये कडक होईल,” तो स्वतःशीच म्हणाला. मग मान हलवली. “पण ती परीक्षा पोरीच्या तोंडात कशाला? माय, मॅडमनं बराबर शे. स्टीलच बसवा, मॅडम.”

मी जिंकले होते, पण आनंद काही होईना. इतकं सुंदर काम मी स्वतः घडवलं असतं, तर ते असं चावून मोडायला मला जमलं नसतं. मी नव्यानं जळले. हरावं तरी किती देखणं!

ईश्वरीच्या दाताचं माप घेतलं, दुपारभर खपले आणि संध्याकाळी नवा स्टीलचा बसवला. त्याचा जोड तीनदा पॉलिश केला. कुणी बघावा म्हणून, ते सांगायला नको.

जागा टिकली. यथावकाश पक्की दाढ सरळ वर आली, मी रिंग काढून टाकली. अक्का पेढे घेऊन आल्या.

“चांगलं झायं डॉक्टरबाई,” त्या म्हणाल्या. “मना नितीननी चावी पाह्यं म्हनीसन समजनं.”

नितीननं चावून पाहिलं म्हणून समजलं म्हणे; मी पेढा तोंडात टाकला. नव्या डॉक्टरांना मात्र सांगते, पेशंटला ‘नाही’ म्हणायचं असेल तर आधी आपला मत्सर गिळून टाका. नाहीतर खरं तुम्ही सांगता, आणि पटतं ते दुसऱ्याच्या तोंडून.