येऊरचा पतंग, खाडीचं फुलपाखरू

वर्तकनगरातल्या आमच्या शेजारच्या काकांइतका खरा माणूस उभ्या ठाण्यात नसेल, आणि आमच्या चळवळीचं त्यांच्याइतकं नुकसान एकाही बिल्डरने केलं नसेल. जगातल्या माणसांचे त्यांच्याकडे दोनच खण: पतंग आणि फुलपाखरू. आमच्याकडे कुणी पाहुणा ऐसपैस बसला की काका माझ्या कानाशी लागत, "पतंग! बघ, पंख पसरून बसलाय." येऊरच्या जंगलातला अ‍ॅटलस पतंग म्हणजे त्यांचं दैवत. ताटलीएवढे पंख, आणि खायला तोंडच नाही. "अळी असताना खाल्लं तेवढ्यावर पुढचा जन्म काढतो. शिक जरा!" असं म्हणत माझ्यापुढची भज्यांची बशी स्वतःकडे ओढत. खाडीकाठचं फुलपाखरू त्याच्यापुढे चिमुकलं, केशरी-गुलाबी. पण खाऱ्या जमिनीतल्या पिलूच्या झुडपाशिवाय दुसरीकडे अंडी घालणार नाही म्हणजे नाही.

तीच झुडपं घोडबंदर रोडच्या टॉवरांसाठी बिल्डर भराव टाकून गाडायला निघाले होते. आम्ही पत्रकं वाटली, भांडून सुनावणी मिळवली. आणि आमच्या शहाण्या समितीने पोस्टरवर छापला अ‍ॅटलस! म्हणे, फुलपाखरू लांबून दिसत नाही. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पोस्टर बघून सहज विचारलं, "हा इथे राहतो?"

"छे हो!" काका उजळले. "हा येऊरचा. इथे कशाला मरायला येईल?" मग दोघांची तुलना सुरू झाली. पतंगाच्या मिशा, पतंगाचा कोष... फुलपाखराची पाळी येईपर्यंत साहेबांनी फाइल मिटली. "जंगल शाबूत आहे ना? मग झालं तर."

बाहेर आमच्यातल्या कोळीण मावशीने कपाळाला हात लावला. "काका, जरा गप बसला असतास तं काय झाला असता?"

"अगं, पण तो येऊरचाच आहे," काका म्हणाले.

डंपर आले. या देशात खऱ्यालाच आधी गाडतात, असं मी पुढच्या पत्रकात ठणकावून छापलं. त्याच्यात लोकांनी भेळ खाल्ली.

परवा काकांकडे गेलेलो. गॅलरीत तेलाच्या डब्यात पिलूची फांदी लावलीय. पाण्यात चिमूटभर मीठ टाकून घालतात. खाडीची चव लागावी म्हणून. दोन पानं फुटलीयत.

"येईल रे ते," काका म्हणाले. "वास काढत येईल."

काठावर एक झुडूप उरलेलं नाही. यायला फुलपाखरूच कुठलं, हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस खोटं बोलत होता.

"येईल की," मी म्हणालो.