टेबलाखालची टोपली

नगरमधल्या आमच्या सावेडीच्या घरातून काही बाहेर टाकलं जात नाही. सकाळी घंटागाडी गाणं वाजवत दारात उभी राहते आणि माझे मिस्टर गॅलरीतून सांगतात, "पुढं जा रे बाबा, आमच्याकडे कचरा नसतो, कच्चा माल असतो." त्यांचं काही खोटं नाही. पलंगाखाली जुन्या लग्नपत्रिका, माळ्यावर बुटांचे खोके, दारामागे वर्तमानपत्राच्या वळलेल्या नळ्यांचे जुडगे. पत्रिकांची मी फुलं करते, खोक्यांचं तुळशीवृंदावन आणि नळ्यांची बैलगाडी. कॉलनीत मला 'टाकाऊतून टिकाऊवाल्या काकू' म्हणतात. हे नाव मला फार आवडायचं. आता कुणी तशी हाक मारली की ऐकू न आल्यासारखं करते.

एक गोष्ट आधीच कबूल करते. वीस-पंचवीस वर्षं माझे हात कागदात आहेत, पण मी कागद वाचत नाही. मी कागद चाचपते. जाड आहे का, घडीवर फाटतो का, रंग सोडतो का, एवढं कळलं की झालं. त्यावर कुणाचं लग्न छापलंय, ते टिकलं की मोडलं, माझ्या कात्रीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. मला हा माझा गुण वाटायचा.

माझे थोरले दीर संगमनेरजवळच्या खेड्यात राहायचे. थोडी शेती, चार गाई. त्यांच्या दाराशेजारी खिळ्याला कॅलेंडर असायचं आणि कॅलेंडरला दोऱ्यानं बांधलेलं निळं पेन. रात्रीच्या जेवणाआधी ते त्या दिवसाच्या चौकोनात काहीतरी लिहायचे. गाय व्याली. पाण्याची पाळी. पाव्हणे आले. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून लोखंडी पेटीत. एका दिवाळीत मी त्या गुंडाळ्या पाहिल्या आणि तोंडाला पाणीच सुटलं, कारण त्या कागदाचे आकाशकंदील नामी होतात. म्हटलं, "भाऊजी, ही जुनी कॅलेंडरं मला द्या की." ते हसले. "न्हाई बरं का. दुसरं काय बी घिऊन जा. आमची वर्सं हायेत त्याच्यात." मला तो अडाणीपणा वाटला. परत येताना गाडीत मी मिस्टरांना म्हणालेसुद्धा, की तुमच्या भावाला रद्दीचाही मोह सुटत नाही.

पुढे दीर अचानक गेले. गोठ्यात गेले ते परत आलेच नाहीत. त्यांना एकच मुलगी. ती त्यांना आण्णा म्हणायची आणि ते तिला ताई, म्हणून सगळं घर तिला ताईच म्हणतं. गेल्या वर्षी ताईचं लग्न ठरलं, शेजारच्या अकोले तालुक्यातल्या चांगल्या घरात, आणि मी जाऊबाईंना फोन करून सांगून टाकलं, की रुखवताची काळजी करू नका, ते माझ्याकडे लागलं.

रुखवताची एक गंमत आहे. नवरीनं आपल्या हातानं केलेल्या वस्तू मांडायच्या आणि सासरच्या बायकांनी त्या बघून तिचे हात कसे आहेत ते ओळखायचं, असा तो रिवाज. आता नवऱ्या नोकऱ्या करतात, त्यांना वेळ कुठला? मग आमच्यासारख्या बायका रुखवत करून देतात आणि वर पाटी लावतात, 'वधूने स्वहस्ते बनविलेले'. हे खोटं सगळ्यांना माहीत असतं. बघणाऱ्या बायकांनीही आपल्या लेकीच्या लग्नात तीच पाटी लावलेली असते. त्यामुळे मला त्याची कधी लाज वाटली नाही. मी तर ती पाटी सोनेरी कागदात कापून कायमची करून ठेवली होती.

दोन महिने मी राबले. सप्तपदीची सात पावलं, बैलगाडी, झोपाळा, वृंदावन, सगळं आबोली आणि सोनेरी रंगात. लग्नाच्या दिवशी सकाळी टेम्पोत ते सगळं मांडीवरच्या बाळासारखं सांभाळत संगमनेरला नेलं. हमरस्त्यालगतच्या लॉन्सवर टेबलं जोडली, वर पांढरा कपडा जमिनीपर्यंत सोडला आणि मांडणीला लागले. तेवढ्यात ताई आली. हातांवर हळद, केस ओले, आणि छातीशी जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"काकू, ही मधी ठेवा बरं का. मी केलीय."

टोपली होती. कागद तीन दिवस भिजवून, कुटून, त्यात वाटलेली मेथी घालून लगदा करायचा आणि पालथ्या पातेल्यावर थापून वाळवायचा. आमच्या सासरी पूर्वी घरोघर असल्या टोपल्या असायच्या. ही करडी होती, खडबडीत, एका अंगाला कललेली. मेथीचा कडवट वास येत होता. आतून तिनं कॅलेंडरचे चौकोन कापून चिकटवले होते, एकाला एक लागून, आणि त्यांवर निळ्या पेनाचं गिचमिड. मी ते पाहिलं. पाहिलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. मनात आलं, बिचारीला बरा कागदसुद्धा मिळाला नाही वाटतं.

"ठेवते हं, तू जा, आवर," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी टोपली मधे ठेवून बघितली. आबोलीत ती करडी टोपली म्हणजे श्रीखंडात बुडवलेली भाकरी. डावीकडे ठेवली, उजवीकडे ठेवली, वृंदावनामागे लपतेय का तेही बघितलं. शेवटी मी कपडा उचलला आणि ती टेबलाखाली सरकवली. एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण मला माझी हत्यारं ठेवायला काहीतरी हवंच होतं. कात्री, कटर, कापलेले कपटे, चहाचा रिकामा कागदी कप आणि नुकतीच बंद केलेली, अजून गरम असलेली ग्लू गन, सगळं मी त्या टोपलीत टाकलं आणि कपडा नीट सारखा केला.

दुपारी वराकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. विहीणबाई पुढे, मागे दहा-बारा जणी, एका वयस्कर आत्याबाईंना सगळ्यांनी हाताला धरून आणलेलं. बैलगाडीचं कौतुक झालं, झोपाळ्याला झोके देऊन झाले. मी बाजूला उभी राहून फुलत होते. फोटोसाठी ताईलाही आणलं. शालू, मुंडावळ्या, जाऊबाई तिचा पदर सावरत मागे.

आत्याबाईंनी ती सोनेरी पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि विचारलं, "व्हय गं, पन ह्यातलं खरंच नवरीच्या हातचं कोन्तं?"

थट्टेचा प्रश्न होता. दर लग्नात एक आत्याबाई तो विचारतेच. मी ठसक्यात म्हणाले, "सगळंच!"

बायका हसल्या. ताई हसली नाही. ती टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होती. "काकू, माझी टोपली कुठंय?"

"आहे गं, आहे," मी म्हणाले.

तिनं सासूकडे पाहिलं आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हे समदं काकूंनी केलंय. लई कष्ट घेतले त्यांनी. मी येकच वस्तू केली हुती."

माझी नजर आपोआप टेबलाखाली गेली. पोरगी हुशार. शालू सावरत ती खाली बसली, कपडा उचलला आणि टोपली ओढली. मग त्यातलं एकेक बाहेर काढून जमिनीवर ठेवलं. कात्री. कटर. कपटे मुठीनं. चहाचा कप. ग्लू गन. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त एकेक वस्तू ठेवत होती, कुणाच्या तरी अंगावरून मुंग्या झटकाव्यात तसं.

"तिच्या आन्नांचं कॅलेंडर हाय ते," जाऊबाई विहिणीला म्हणाल्या. "आज ते पायजे हुते म्हून तिनं मांडली. बाकी काय न्हाई."

आमची वर्सं हायेत त्याच्यात. ते वाक्य मला तेव्हा आठवलं. वर्षानुवर्षं त्या दारातून आत जाताना मी ते अक्षर पाहिलं होतं. माझ्या लग्नाच्या दिवसाच्या चौकोनातही त्यांनी काहीतरी लिहिलं असेल.

टोपलीच्या तळाशी ग्लू गनमधून ओघळलेला डिंक थिजून बसला होता. चिंचोक्याएवढा. मला काहीही करून तो डाग पुसायचा होता, म्हणजे खरं तर मला मीच पुसून निघायचं होतं. मी खाली वाकले आणि नख घातलं.

"काकू, ऱ्हाऊ द्या," ताई म्हणाली. "हात नका लावू."

"थांब गं, एका मिनिटात निघतो. माझं रोजचंच काम आहे."

"काकू, नका."

मी ओढला. डिंक निघाला, आणि त्याच्याबरोबर कागदाचा पापुद्राही. चौकोनाच्या अर्ध्या भागात पांढरं, केसाळ भगदाड पडलं. मी मूठ मिटून घेतली.

विहीणबाईंनी टोपली हातात घेतली. चांगली बाई. काहीतरी बोलून वेळ सावरायची म्हणून त्या चौकोन वाचायला लागल्या. कालवड झाली. पाऊस. ताईचा निकाल. मग त्या भगदाडापाशी आल्या. "ताई कॉलेजला एकटी गेली." थांबल्या. "पुढं काय हुतं?"

जाऊबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "रडली आसंल. पयल्यांदा यष्टीनं येकटी गेल्ती. घरी येऊन रडली हुती त्या दिवशी."

विहीणबाईंचा प्रश्न माझ्यासमोर होता आणि उत्तर माझ्या मुठीत. मूठ उघडायचं मला सुचलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. सुचलं होतं. पण दहा-बारा बायकांसमोर तो डिंकाचा गोळा हातावर धरून उभं राहायची माझी तयारी नव्हती. तेवढ्यात माइकवरून मामांना बोलावणं झालं, नवरीला घेऊन या. ताईनं जाताजाता माझं वृंदावन दोन्ही हातांनी बाजूला सरकवलं आणि टोपली मधे ठेवली. पाटी तिनं काढली नाही. ती मीच नंतर काढली.

कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. पंगतीत जाऊबाईंनी माझ्या पानात दुसरी जिलबी वाढली. "घे की. दोन म्हैने राबलीस आमच्यासाठी." ती जिलबी मी कशी गिळली ते मला ठाऊक. ताई सासरी निघाली तेव्हा बाकीचं रुखवत टेम्पोत चढलं आणि टोपली तिच्या मांडीवर.

घरी येऊन मी पर्समधून तो तुकडा काढला. गरम डिंक थिजला की दुधी काचेसारखा होतो, उजेडाला धरला की आतलं दिसतं. त्याच्या पोटात पापुद्रा अडकला होता, आणि पापुद्र्यावर भाऊजींचं निळं अक्षर, जरासं उजवीकडे कललेलं.

"पोचली."

'रडली' असं नव्हतं. पोरगी पहिल्यांदा एकटी एसटीनं गेली, बापाचा जीव दिवसभर तिच्यात अडकला असणार, आणि ती पोचली एवढं कळल्यावर त्यांनी पेन ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा कागद वाचला आणि तो मीच फाडलेला निघाला.

दुसऱ्या दिवशी संगमनेरला जाऊन तो तिच्या आईच्या हातावर ठेवायचा, इतकं सोपं होतं. मी गेले नाही. मूठ का उघडली नाहीस, हे त्यांनी विचारलं नसतंच, पण मला ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं असतं. आधी वाटलं आठवड्यानं जाऊ, मग वाटलं दिवाळीला. उशीर जितका वाढला तितकं देणं अवघड होत गेलं. तुकडा माझ्या टाचण्यांच्या डबीत राहिला.

परवा ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "काकू, त्या दिवशीचा डिंकाचा तुकडा तुमच्या सामानात कुठं सापडला का वो? आई म्हनती त्याच्यावर 'रडली' हुतं. मी चिकटवताना वाचलं हुतं, पन आता आठवत न्हाई. मला वाटतं आन्नांनी दुसरं कायतरी लिहिलं हुतं."

मी फोन खांद्याशी धरून डबी उघडली होती. तुकडा बोटांत घेतला होता. एकच शब्द सांगायचा होता.

"नाही गं," मी म्हणाले. "झाडताना गेला असेल."

ती मलाच धीर देत म्हणाली, "आसू द्या. नीट बघा मात्र येकदा. तुमच्याकडचं काय टाकलं जात न्हाई, सापडंल."

तिनं फोन ठेवला तेव्हा तो तुकडा माझ्या हातातच होता.