भावासाठी उचललेलं वजन

बारक्या नावालाच बारक्या होता. शेंडेफळ म्हणून लहानपणी चिकटलेलं ते नाव, दारातून वाकून आत शिरायची वेळ आली तरी सुटलं नाही. मोठ्या बहिणीनं त्याला कडेवर वागवलेलं. आई गेल्यावर तर त्याच्यापुढे दोन्ही वेळचं ताट तिनंच ठेवलं. तिला सगळे ताईच म्हणत. भाऊ म्हणे, भावजय म्हणे, ज्यांच्या दुकानात ती पडदे शिवायची ते म्हातारे मालकही म्हणत.

ताईनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माप बसलं नाही." दिवसभर मशीनवर बसून पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची, तिथंच खायचं, तिथंच चहा प्यायचा. अंग सुटत गेलं. त्याची थट्टा ती स्वतःच आधी उरकून टाकायची, म्हणजे दुसऱ्याला वाव राहत नसे.

बारक्या शाळेची बस चालवायचा. घरी बायको आणि लहान लेक होती. एका सकाळी मुलांना चढवणाऱ्या बाईंनी त्याला डोळे आरशात बघायला सांगितले. पिवळेजर्द झाले होते. तपासण्या झाल्या आणि कळलं की कधीकाळची कावीळ आतल्या आत मुरली आणि तिनं यकृत पार पोखरलंय. नातेवाइकांत दारूची कुजबुज सुरू झाली. यानं तर आयुष्यात थेंब घेतला नव्हता. तो ताईला म्हणाला, "बदनामी झालीच आहे, तर निदान प्यायला तरी हवी होती गं."

रक्ताच्या माणसानं आपल्या यकृताचा तुकडा दिला तर तो वाचेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताई म्हणाली, "माझा घ्या." रक्तगट जुळला. भावजयीनं तिचे हात धरले आणि सोडेचना. पण पुढच्या तपासणीत गाडी अडली. ताईच्या स्वतःच्याच यकृतावर चरबी होती. ती उतरल्याशिवाय तिला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही, त्यात दोघांच्याही जिवाला धोका आहे, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं.

ज्या अंगाची जन्मभर मस्करी केली, त्याची ताईला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

तिनं खाणंच टाकलं. चहा आणि पाणी. चार दिवसांत मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पडद्याच्या कापडावरच कोसळली. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. उपाशी राहायचं नाही, नीट खायचं पण मोजकं, आणि जोडीला व्यायाम करायचा, तोही वजनं उचलण्याचा. चालणं होतंच.

दुकानाच्या मागच्या गल्लीत, तळघरात एक व्यायामशाळा होती. दुपारची वेळ बायकांची. शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या कोच म्हणत. तरुणपणी त्या वजनं उचलण्याच्या स्पर्धांत उतरायच्या, आता गुडघे कुरकुरत म्हणून खुर्चीत बसून शिकवत. ताई दारातच उभी राहिली. मला पैलवान व्हायचं नाही, म्हणाली, मला फक्त चरबी उतरवायची आहे. वजनं उचलून ती उतरते का?

"नुसती वजनं उचलून नाही," कोच म्हणाल्या. "ताटातलं कमी करावंच लागेल. पण नुसतं ताट कमी केलंत तर चरबीबरोबर मांसही झडतं. वजन उचललं की शरीराला कळतं, हे मांस कामाचं आहे, याला हात लावायचा नाही. मग ते चरबी जाळायला घेतं."

ताईनं काठीइतक्या हलक्या बारपासून सुरुवात केली. पाठ ताठ, भार पायांवर, श्वास सोडत वर. पहिल्या आठवड्यात तिला मशीनचं पायडल मारवेना, जिना उतरताना कठड्याला धरून रडू यायचं. साखर सोडली, भात निम्मा केला. बारच्या दोन्ही टोकांना तबकड्या चढत गेल्या. कमरेचे कपडे ढगळ झाले तशी तिनं दुकानातच ते आत घेतले.

पण काटा हलेना. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये वजनकाटा होता. दर खेपेला भावजय शेजारी उभी राहून आकडा बघायची. कित्येक रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. एकदा आकडा जवळपास तोच निघाला आणि ती हळूच म्हणाली, "ताई, खाण्यावर ताबा राहत नसेल तर तसं सांगा. आम्ही दुसरं कुणी शोधू."

ताईच्या जिभेवर सगळं आलं होतं. आत घेतलेले कपडे, निम्मा भात, दुखणाऱ्या मांड्या. ती चपला घालून बाहेर पडली. दुपारी तिनं इतकं वजन चढवलं की कोचनी उठून तिचा हात धरला. कारण कळल्यावर त्या म्हणाल्या, "काटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. चरबी गेली आणि मांस भरलं तरी त्याला सगळं सारखंच."

पुढच्या तपासणीत ते खरं ठरलं. वजन थोडंच उतरलं होतं, यकृतावरची चरबी मात्र पुष्कळ. ऑपरेशनची तारीख मिळाली. बारक्यानं खाटेवरून हात लांब करून ताईचा दंड चाचपला.

"हा कुणाचा चोरलास?"

ताईनं हात दुमडून बेटकुळी दाखवली. तो खोकला येईपर्यंत हसला.

तारखेच्या तीन दिवस आधी त्याला ताप भरला. आजारामुळे पोटात साचलेल्या पाण्यात जंतू झाले होते. ताप उतरला की लगेच करू, असं ठरलं. ताप उतरला नाही. त्याला अतिदक्षता विभागात, काचेपलीकडे नेलं. ताई अलीकडे उभी होती. डॉक्टरीणबाई बाहेर येताच ती म्हणाली, "आत्ता घ्या मला. मी तयार आहे."

"तुम्ही तयार आहात," त्या म्हणाल्या. "त्यांचं शरीर आता तयार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारक्या गेला.

ताई कामावर परतली तेव्हा मापं द्यायला आलेल्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई कौतुकानं म्हणाल्या, किती छान बारीक झालात, आम्हालाही सांगा काय केलंत ते. ताईनं गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली, आत जाऊन कापडाच्या ताग्यांमागे बसली आणि बाई जाईपर्यंत बाहेर आली नाही. अंगात आलेली ती ताकद तिला नकोशी झाली. ठणठणीत यकृत घेऊन जगायचं आणि ज्याच्यासाठी ते केलं तोच नाही. व्यायामशाळेच्या पायऱ्या ती पुन्हा उतरली नाही.

वर्षाच्या आत भावजयीनं लेकीला घेऊन माहेरी जायचं ठरवलं. सामान हलवायच्या दिवशी ताई गेली. टेम्पोवाला एकटाच होता. लोखंडी खाटेची एक बाजू त्यानं धरली, दुसरी ताईनं. तिसऱ्या मजल्यावरून ती खाट खाली आली. सगळं भरून झाल्यावर दोघी नणंद-भावजय जिन्यात टेकल्या.

"ताई, त्या दिवशी काट्यापाशी मी..."

"राग आला होता मला," ताई म्हणाली. "पण तू तरी आणखी कुणाला बोलणार होतीस?"

भावजय पदर तोंडाला लावून रडली. ताईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मी आधीपासूनच अशी असते तर गं? तेव्हाच घेतला असता डॉक्टरांनी तुकडा."

"मीही तेच म्हणते. डोळे पिवळे व्हायच्या आधी मी यांना दवाखान्यात नेलं असतं तर."

खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. भावजय लेकीला घेऊन पुढे बसली. ताईनं वर जाऊन दोन्ही खोल्या झाडून काढल्या, खिडक्या लावल्या आणि किल्ली घरमालकांच्या हातात दिली.