घरघंटीवरचा आळ

आमच्या घरात बिल जास्त आलं की पहिली नजर आवाज करणाऱ्या वस्तूकडे जायची. आणि आवाज करणारी एकच होती, माझी घरघंटी.

डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी गॅलरी आहे. तिथे ही छोट्या फ्रिजएवढी पिठाची गिरणी उभी असते. नोकरी सुटली तेव्हा मी माझ्या दोन बांगड्या मोडून ती घेतलेली. रोज सकाळी तासभर चालते. बिल्डिंगमधल्या बायका गहू, ज्वारी, नाचणी आणून देतात, दिवाळीआधी तर चकलीच्या भाजणीचे डबे दारापर्यंत लागतात. पिठाने पांढरे झालेले हात घेऊन मी गॅलरीतून बाहेर येते ना, तेव्हा मला फार भारी वाटतं. कोणाची सून, कोणाची बायको याच्या पलीकडचं ते माझं स्वतःचं काहीतरी आहे.

त्या उन्हाळ्यात असंच मोठं बिल आलं. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, चष्मा कपाळावर सरकवून युनिटचा आकडा दोनदा वाचला आणि थेट गॅलरीकडे बोट केलं.

"ही चक्की! घरघर घरघर, वीज खाणार नाही तर काय करणार?"

मी म्हटलं, तासभर तर चालते. पण आप्पा एकदा ठरवून बसले की संपलं. एमआयडीसीतल्या कंपनीत तीस वर्षं स्टोअरकीपर होते. बिल आल्यावर चार दिवसांनी जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, "ठाण्यात खोपटला माझा जुना सहकारी राहतो, त्याच्या सुनेला घरघंटी हवी आहे. मी शब्द दिलाय. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला."

मला विचारलं? नावच नको विचारण्याचं! नवऱ्याकडे बघितलं तर तो आमटीत भात कालवण्यात गुंग. नंतर मी त्याला गाठलं तेव्हा म्हणतो कसा, "अगं, आप्पांचं वय झालंय, कशाला वाद?" असं डोकं फिरलं माझं! वाद नको म्हणून माझी वस्तू उचलून द्यायची? वा रे न्याय!

रडत बसणं आपल्याला जमत नाही. जिन्याखाली सगळ्यांचे मीटर आहेत. शेजारी वायरिंगचं काम करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने मागे मला दाखवलेलं की मीटरवरचा लाल दिवा जितका भराभर लुकलुकतो तितकी वीज जाते. किती वेळा लुकलुकलं की एक युनिट, तेही मीटरवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. शनिवारी नवऱ्याला सुट्टी. सकाळी चहा झाल्याझाल्या मी पदर खोचला.

"आप्पा, खाली चला. तुमच्या घड्याळावर एक मिनिट धरायचं आणि दिवा किती वेळा लागतो ते तुम्ही स्वतः मोजायचं. घरघंटी दोषी ठरली तर उद्या मीच टेम्पोत चढवून देते."

स्वतः मोजायचं म्हटल्यावर आप्पा लगेच चपला घालून तयार. स्टोअरमधून खिळासुद्धा न मोजता कधी दिला नव्हता त्यांनी. नवरा वर राहिला, फोन चालू ठेवून. मी सांगेन ते बटण तो दाबणार.

"अहो, आधी सगळं बंद करा. फ्रिजसुद्धा."

"केलं बंद," फोनमधून आवाज आला.

आणि मीटरवरचा दिवा आपला टकटक टकटक लुकलुकतोच आहे, भराभर, दम न घेता. आप्पांचा चेहरा खुलला. "मीटरच बिघडलेला आहे! तुझं हे मोजणं काही कामाचं नाही." मीटर बिघडलेला निघाला तर माझ्याकडे दुसरा पुरावा कुठला?

"अहो, नीट बघा. काहीतरी चालू आहे."

"काही नाही गं. म्हणजे... आप्पांचा गिझर आहे. तो तर नेहमीच चालू असतो."

आप्पांचा गिझर! त्याला घरात कोणी हात लावायचा नाही असा नियमच होता. सकाळी सहाला लावायचा आणि संध्याकाळी बंद करायचा, कारण सारखं चालू-बंद केलं की जास्त वीज जाते असं आप्पांचं ठाम मत.

"बंद करा तो," मी म्हटलं. दिवा पटकन थांबला.

आप्पा मीटरच्या आणखी जवळ सरकले.

मग एकेक वस्तू मोजली. पंखा मिनिटाला चार. फ्रिज नऊ, पण तो रात्रंदिवस सुरू. इस्त्री पन्नासच्या वर, पण तापली की थांबते. घरघंटीत मुद्दाम गहू टाकून चालवली. गॅलरीतला तिचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता आणि आप्पा ओठ हलवत मोजत होते. पंचेचाळीस. मग गिझर एकटा लावला. साठाच्या पुढे आप्पा अडखळले, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. शंभरच्या वर गेला! घरघंटीच्या दुपटीहून जास्त, आणि आवाज म्हणाल तर चकार शब्द नाही.

एव्हाना दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि वॉचमन येऊन उभे राहिलेले. काकू म्हणाल्या, "आमचा एसी पण मोज ना गं!"

पण आप्पा हार मानणारे नव्हेत. "पाणी तापलं की गिझर आपोआप बंद होतो. दिवसभर थोडाच खातो?"

मुद्दा बरोबर होता, मान्य केला. "थांबू मग," मी म्हटलं. थांबलो. दिवा विझला. आप्पा जिंकल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. थोड्या वेळाने दिवा पुन्हा टकटक. मग बंद, मग पुन्हा टकटक. वर नवरा एकटा, पाणी कोणी घेत नव्हतं. मग तापलेलं पाणी जात होतं कुठे?

आप्पा तडक जिना चढून वर गेले, मी मागोमाग. बाथरूममध्ये गरम पाण्याच्या नळाखाली त्यांची निळी बादली होती. नळ कित्येक महिने गळत होता, बारीक धार लागलेली. प्लंबर बोलवू म्हटलं की आप्पा म्हणायचे, कशाला, थेंब वाया जात नाही. आयुष्यभर पाणीकपात बघितलेला माणूस. बादली भरून पाणी निवलं की कुंड्यांना घालायचे, लादी पुसायला द्यायचे, दिवसाला चार-चार बादल्या. पाणी वाचवलं म्हणून केवढा अभिमान! आणि तेवढं सगळं पाणी गिझर इमानेइतबारे तापवत बसलेला.

आप्पांनी बादलीत हात घातला. पाणी चांगलं गरम होतं. हात तसाच ठेवून त्यांनी आधी नळाकडे, मग वर गिझरकडे बघितलं. खरं सांगते, मला नाचावंसं वाटत होतं. पण त्यांच्याकडे बघून मी फक्त टॉवेल पुढे केला.

संध्याकाळपर्यंत प्लंबर येऊन गेला. गिझरचं बटण आप्पांनी स्वतः बंद केलं. खोपटला फोन केला की नाही, ते मात्र बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. रात्री झोप कसली लागतेय!

रविवारी अकराला खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. खोपटचे काका वर आले, हातात बांधायला दोरी घेऊनच. मोजणी जिंकले होते, पण आप्पांनी दिलेला शब्द होता, आणि आप्पा शब्द मोडत नाहीत.

आप्पांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "तुला हेलपाटा पडला, माफ कर. मी फोन करू शकलो असतो, पण हे तोंडावर सांगायचं होतं. ती वस्तू माझी नाही, सूनबाईची आहे. तिला न विचारता मी शब्द दिला, तो मला द्यायचा हक्कच नव्हता. तुला हवी असेल तर तिला विचार."

काका माझ्याकडे वळले. "काय सूनबाई, देता का?"

या घरात आल्यापासून काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे मला पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं. नवऱ्याने पेपर खाली ठेवला. आप्पा माझ्याच तोंडाकडे बघत होते.

"नाही देत," मी म्हटलं.

"ऐकलंस ना?" आप्पा मित्राला म्हणाले, आणि त्याच्या हातातली दोरी काढून घेतली.