लेबलवाला भावेश

माझ्या पुतण्याला, भावेशला, भुईगावात आता सगळे 'लेबलवाला' म्हणतात. त्याला वाटतं, कौतुकाने म्हणतात. वाटू दे बापड्याला.

अंधेरीतली नोकरी सोडून हा घरी आला तो आईच्या सुकेळ्यांचा धंदा करायला. मालनवहिनीची सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या सोपटात बांधलेली. गुडघे साथ देत नव्हते, तरी यंदा तिने अंगण भरून केळी वाळत घातली. "हा शेवटचा हंगाम भावोजी. भावेश हाताखाली शिकला की मी सुटले," ती मला म्हणाली होती. एवढीच तिची आस होती.

आणि भावेश काय शिकला? लेबलं चिकटवायला! आल्याआल्या त्याने एक छोटा प्रिंटर आणि चिकट लेबलांचा रोल मागवला. "काका, याला शाईच लागत नाही, नुसत्या गरमीवर अक्षरं उमटतात!" हे त्याने मला सांगितलं, शेजारच्या ऑगस्टीनला सांगितलं, पाववाल्यालाही थांबवून सांगितलं. उथळ पाण्याला खळखळाट फार. केळी सोलायला हाक मारली की साहेब लेबलाचं डिझाइन करत असायचे. मिठाच्या बरणीवर लेबल 'मीठ', पंख्याच्या बटणावर लेबल 'पंखा'. जन्म त्या घरात गेलेल्या माणसांना जणू मीठ कुठलं ते कळत नव्हतं.

ऑर्डरी मात्र आल्या, खोटं कशाला बोलू? त्याने सगळी सुकेळी प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळली, खोक्यांत भरली, वर पत्त्यांची लेबलं लावली आणि रोल संपला. तेवढ्यात वहिनीने आतून आवाज दिला, "पाठवायच्या आधी एकदा ऊन दाखव रे!" आमच्याकडे वाळवणाचा माल ऊन दाखवल्याशिवाय घराबाहेर जात नाही. पण खोकी उघडून पुन्हा बांधायची म्हणजे कष्ट आले. मग या दीडशहाण्याने बंद खोकीच नेऊन गोठ्याच्या पत्र्यावर मांडली, मे महिन्याच्या टळटळीत दुपारी. लेबलांवर धूळ बसू नये म्हणून तीही पालथी!

कुरियरवाला आला तेव्हा लेबलं करपलेल्या भाकरीसारखी काळी झाली होती. ना नाव, ना पत्ता. "कोणाला देऊ?" त्याने विचारलं.

"हाताने लिही की पत्ते," मी भावेशला म्हटलं.

"काका, बारकोडशिवाय ते घेत नाहीत."

कुरियरवाला रिकाम्या हाताने गेला. नवी लेबलं छापावीत तर कागद सगळा मिठाला आणि पंख्याला चिकटलेला. विरारला रोल मिळाला, तो या प्रिंटरमध्ये बसेना. ऑनलाइन मागवलेला येईपर्यंत प्लास्टिकात घामेजलेल्या सुकेळ्यांवर बुरशी चढली. मला तर त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

पोराचं तोंड उतरेल म्हणावं, तर छे! सुकेळी खताच्या खड्ड्यात ओतता ओतता म्हणतो कसा, "आई, पुढच्या सीझनला उन्हात काळे न पडणारे रोल मागवतो. तसले पण मिळतात."

वहिनी पायरीवर बसून गुडघा चोळत होती.

"मागव हो," ती म्हणाली. "पण चिकटवशील कशावर?"