बत्तिसाव्या किलोमीटरवरचा सत्कार

सोलापूरला मॅरेथॉन पळायला किंवा बघायला जाणार असाल तर हे वाचून जा. मी जाऊन आलो त्याला तीन आठवडे झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. रागात लिहू नये म्हणतात. पण राग उतरला तर मी लिहिणारच नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

गेलो ते वैजूमुळे. वैजयंता माझी पुतणी, वय बावीस. करमाळा तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता आहे, तिथं ती सहा वर्षं पळते आहे. लोकांना वाटतं पळणं म्हणजे नुसतं पळणं. तसं नसतं. एक दिवस सावकाश, एक दिवस थोडं थोडं अंतर जीव तोडून, आणि रविवारी तीस किलोमीटर एका लयीत. फौजेतून निवृत्त झालेले तिचे मास्तर फोनवर रोजचा हिशेब विचारतात. त्यांनी तिला एक गोष्ट बजावून ठेवली आहे: "पूर्ण मॅरेथॉन वर्षातून दोनच. तिसरी पळालीस तर गुडघे घेऊन घरी बसशील."

या खेपेला डोंगरातल्या एका प्रशिक्षण शिबिरात जागा मिळवायची होती. अट एकच, बेचाळीस किलोमीटर दोन तास पन्नास मिनिटांच्या आत. अर्ज त्याच महिन्यात बंद होणार होते. म्हणजे नंबर कितवाही येऊ दे, घड्याळात पन्नासच्या आतला आकडा दिसला पाहिजे. त्यासाठी सोलापूर ही तिची एकच संधी.

शनिवारी सकाळी एसटीनं निघालो. जेऊर, टेंभुर्णी, मोहोळ असा रस्ता. टेंभुर्णीपर्यंत हाडं खिळखिळी होतात, पुढं हायवे गुळगुळीत आहे. चार तास धरून चाला. बायकांच्या सवलतीमुळं वैजूला अर्धं तिकीट, मला पूर्ण. तिच्या मांडीवर पाण्याची बाटली आणि उकडलेल्या बटाट्यांचा डबा. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, एवढं पळून मिळतं काय?"

"दम मिळतो, आजोबा."

"मिळतो? आमचा तर जातो की!" म्हातारा हसून हसून खोकायला लागला. बसभर हसू पसरलं. त्या प्रवासातलं शेवटचं हसू तेच.

सोलापुरात पोचल्यावर छातीला लावायचा नंबर घेतला. मी एकटाच सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आलो. वैजू आली नाही, म्हणाली, "आज पाय वाचवायचेत, देवाला सांगा." मग आम्ही भवानी पेठेत मल्लिनाथांकडे मुक्कामाला गेलो. मल्लिनाथ चादरी-टॉवेलचे व्यापारी. करमाळ्याच्या बाजारात माल घेऊन येतात, तिथली आमची वीस वर्षांची ओळख. ही माझी पहिली चूक. शर्यत जिथं सुटते आणि संपते त्या मैदानाजवळचा साधा लॉज घ्यायला हवा होता. तुम्ही तो घ्या.

"बर्री, बर्री!" असं कानडीत या-या करत त्यांनी दारातच मिठी मारली. ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, भरलं वांगं. वैजूनं नुसता दहीभात घेतला, तर वहिनी रुसल्या. "असं खाऊन कसं पळणार ही? हवा खाऊन?" सात वाजता पोरगी झोपायला गेली आणि मल्लिनाथांनी मला विचारलं, "आमच्या कोपऱ्यावरनं जाणार म्हणं शर्यत? किती वाजता येईल ही?"

मी अभिमानानं बोटांवर मोजून सांगितलं, की कोपरा बत्तिसाव्या किलोमीटरवर आहे. सहाला सुटले तर आठ वाजून दहा मिनिटांच्या आतबाहेर. ही दुसरी चूक, आणि खरी.

रविवारी सहाला सगळे उभे होते. पुढं एलिट गट, म्हणजे वेळेसाठी पळणारी मोजकी माणसं. त्यांनी अर्धा तास पळून अंग तापवलं होतं. पण झेंडा दाखवणारे पाहुणे आले नव्हते. सहा वीस झाले. सहा तीस झाले. मी एका कार्यकर्त्याला गाठलं.

"पाहुणे आल्याबिगर सोडता येत न्हाय काका. प्रोटोकॉल हाय."

"ऊन थांबतंय का तुमच्या प्रोटोकॉलसाठी?"

"ते आमच्या हातात न्हाय की."

पाहुणे आले, आरोग्यावर बोलले, मग झेंडा हलला. सहा चाळीस. सोलापुरात थंडीतही साडेआठनंतरचं ऊन अंगाला चावतं. बेचाळीस किलोमीटर पळणाऱ्याला ती चाळीस मिनिटं काय करतात, हे त्या पाहुण्यांना कुणी कधी सांगणार नाही.

मी रिक्षानं भवानी पेठेच्या कोपऱ्यावर गेलो. वैजूनं मला एकच काम दिलं होतं: घड्याळ बघून वेळ ओरडून सांगायची. तिथं मल्लिनाथ पेठेतली दहा-पंधरा माणसं घेऊन उभे. हातात हार, नारळ, कोरी करकरीत चादर. वहिनींच्या हातात ओवाळणीचं ताट.

"नंतर करा की, मैदानावर," मी हळूच म्हणालो.

"नंतर ती स्टेजवरच्यांची, बे. हितं ती आपली. एका मिनिटात सोडतो."

आदल्या दिवशी त्यांच्या घरचं जेवलो होतो. यजमानाला चारचौघांत कसं अडवायचं?

आधी परराज्यातली एक धावपटू आली, सगळ्यांच्या पुढं. तिला इथं कुणी ओळखत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ती वाऱ्यासारखी निघून गेली. मग वैजू दिसली. चेहरा लाल, पण पाय एका लयीत. मी ओरडलो, "दोन तास आठ, चाळीस सेकंद! वेळेच्या पुढं आहेस, जा!"

आणि मल्लिनाथ हात जोडून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

आमच्या घरात मोठ्या माणसाचा हात झिडकारायला शिकवत नाहीत. ती थांबली. कुंकू लागलं, हार पडला, घामानं निथळणाऱ्या खांद्यांवर ती जाड चादर पडली. कुणी तरी म्हणालं, "हिकडं बघ ताई, फोटो." वहिनींनी ओवाळलं तशी वैजू सवयीनं पाया पडायला वाकली आणि तिच्या पोटरीत गोळा आला. तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मी घड्याळ बघत उभा होतो. माझ्या हातात घड्याळ होतं आणि मी ते बघत होतो! शेवटी माझ्या तोंडातून किंकाळी निघाली, "सोडा तिला!"

एक्केचाळीस सेकंद. चादर रस्त्यात पडली, ती पुढं गेली, पहिली पावलं लंगडत.

मैदानावर ती दोन तास पन्नास मिनिटं एकोणीस सेकंदांनी पोचली.

"दुसरी आलीस," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"एकोणीस सेकंद, तात्या." ती जमिनीकडे बघत होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

आयोजकांच्या टेबलापाशी गेलो, झालं ते सांगितलं. "छातीवरच्या नंबरातल्या चिपनं नोंदवली तीच वेळ," एवढंच उत्तर. तेवढ्यात मल्लिनाथ पेढे घेऊन आले. "लई भारी पळाली की!" मी शंभर माणसांसमोर त्यांच्यावर तुटून पडलो. शिबिर, वेळ, मास्तर, सहा वर्षं, सगळं ओरडून सांगितलं. त्यांचा पेढ्याचा हात तसाच राहिला. "आमी तर मान दिला, बे," ते म्हणाले.

या वाक्यावर आजही माझी तळपायाची आग मस्तकात जाते. आपण मान देतो म्हणजे समोरच्याला थांबवतो. दारात थांबवतो, जेवताना थांबवतो, झेंड्याखाली थांबवतो, पळतानासुद्धा थांबवतो. ज्याचं काम पुढं जाण्याचं आहे त्याला वाट मोकळी करून देणं हाही मान आहे, हे आपल्याला कोण शिकवणार?

परतीच्या बसमध्ये मोहोळजवळ वैजू म्हणाली, "तात्या, मल्लिनाथकाकांवर राग नका धरू. त्यांना माहीत नव्हतं."

मी मान हलवली.

"तुमाला माहीत होतं."

गाव जवळ आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी मी एकटी जाईन."

घरी येऊन ती चार दिवस झोपली, पाचव्या दिवशी कालव्यावर गेली. शिबिर आता पुढच्या वर्षी. त्याआधीची एक शर्यत तिनं निवडली आहे. कुठली, कोणत्या गावी, ते तिनं सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. मल्लिनाथांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. त्यांच्याशी बोलायचं तर आधी स्वतःशी बोलावं लागेल.

मंगळवारी मी कमलाभवानीच्या देवळात जातो. पूर्वी पोरीच्या पायांना बळ दे म्हणायचो. आता हात जोडून एवढंच मागतो: आई, ती जिथं पळेल, तिथं तिला ओळखणारं कुणी नसू दे.